फेमस चाँद पाशा, कुरुंदा

कुरुंदा, ता. २२ मार्च १९३८

चाँद पाशा,

सोलापुरात तुझ्या रहिमाआपाच्या शेजारी आपल्या कळमनुरीकडचे अमरसिंग राहतात आणि त्यांना मराठी वाचता येतं, हे खतीजामावशीकडून कळलं. म्हणून हे पत्र. अमरसिंगभाऊ, तुम्हाला माझा रामराम. पत्र चाँदला मोठ्याने वाचून दाखवा. कंटाळा आला तर मध्ये पाणी प्या, पण ओळ गाळू नका. तो उत्तर देणार नाही हे मी धरूनच चाललो आहे.

खतीजामावशी, तुझी अम्मी, बरी आहे. हळद शिजवायला घेतली आहे, गावभर वास सुटलाय. तालीम चालू आहे. तुझी जागा रिकामी आहे असं लिहिणार होतो, पण ते खरं नाही. तिथे आता चार पोरं लोळतात आणि एकालाही धड पट काढता येत नाही.

वस्ताद तुझं नाव घेत नाहीत. परवा कुणीतरी विषय काढला तेव्हा म्हणाले, "ज्यानं आपल्या वस्तादाचं नाव टाकलं, त्यानं माझ्या मातीत पाय घालायचा न्हाई. हात धड असो का मोडका." मी तिथेच बसलो होतो. ती बोलायची वेळ नव्हती, म्हणून गप्प राहिलो.

अमरसिंगभाऊंना यातलं ठाऊक नसेल, म्हणून सांगतो. आमच्याकडे पैलवान स्वतःचं नाव एकटं लावत नाही. उरुसाच्या कुस्त्यांचं हँडबिल निघतं त्यावर आधी वस्तादाचं नाव, मग 'यांचा पठ्ठा', आणि मग पैलवान. बाप सांगितला नाही तर एक वेळ चालेल, वस्ताद सांगितलाच पाहिजे. यंदा पलीकडच्या गावच्या उरुसाला जे हँडबिल निघालं त्यावर मात्र छापून आलं, 'फेमस चाँद पाशा, कुरुंदा'. गुलाम नबी वस्तादांचा पत्ताच नाही. पहिला शब्द इंग्रजी अक्षरांत, जाड ठशात.

पंच एरवी दोन गडी समोरासमोर उभे करतात, डोळ्यांनी तोलतात, आणि एक हलका असला की म्हणतात, जोड नाही. त्यात कुणाची इज्जत जात नाही. त्या दिवशी कुणी तोललं नाही. एवढा मोठा शब्द लागलाय म्हटल्यावर चाँदची कुस्ती शेवटची लागली, हैदराबादेकडच्या एका डोंगराशी. चाँदचा उजवा खांदा निखळला. आमचे वस्ताद निखळलेला सांधा बसवण्यात पटाईत. पण गर्दीत परभणीच्या कुणीतरी त्यांना हँडबिल वाचून दाखवलं होतं. ते उठले आणि पाठ फिरवून चालते झाले. खांदा भलत्याच माणसाने बसवला, तो वाकडाच बसला.

शब्द वाईट नाही हो. फेमस म्हणजे मशहूर, नामांकित, चार गावांत ज्याचं नाव आहे असा. छापखान्यातल्या कुणाचा तरी आगाऊपणा असावा, दुसरं काय.

तब्येतीला जप.

ज्ञानबा

कुरुंदा, ता. १९ एप्रिल १९३८

चाँद,

मागचं पत्र ऐकून तू हसला असशील. छापखान्यातल्या त्या गरिबाला इंग्रजी कुठून येणार? त्याने समोर दिलं तसं खिळे जुळवले. अमरसिंगभाऊ, तो शब्द मी घातला. तुमच्यासमोर मागे वेगळं लिहिलं, माफ करा. लाज वाटली.

उरुसवाल्यांनी पैलवानांची नावं लिहून द्यायचं काम माझ्यावर टाकलं होतं, अक्षर बरं म्हणून. मी बराबर लिहिलं होतं, 'गुलाम नबी वस्तादांचा पठ्ठा चाँद पाशा'. शपथेवर सांगतो, आधी तेच लिहिलं होतं. मग मला अकोला आठवलं. मामाकडे राहून तिथे चार बुकं इंग्रजी शिकलो ना, तेव्हा सर्कस आली होती. तिच्या पाट्यांवर हा शब्द. फेमस सिंह, फेमस झोकेवाली, एक फेमस हत्तीण होती. बुकातही होता, फेमस राजा म्हणून. मास्तर सांगायचे, हा शब्द ज्याला लागतो त्याची ओळख द्यावी लागत नाही. मला तेव्हापासून तो फार आवडायचा. वाटलं, आपल्या चाँदला लावून बघू. ओळ लांबली. छापखानेवाला म्हणाला, काहीतरी कमी करा. मी वस्ताद कमी केले.

तुझ्या भल्यासाठी केलं, असं मी महिनाभर मनाशी घोकत होतो. निम्मं खरं आहे. उरलेलं निम्मं असं, की हँडबिल वाचून लोकांनी विचारावं, हे इंग्रजी कुणी लिहिलं? वासरात लंगडी गाय शहाणी, तसं माझं इंग्रजी. पण गावात तार आली की माझ्याच दारात येतात. तो मान सोडवत नाही रे.

वस्तादांना सांगायचं आहे. सांगेन. आत्ता हळदीची गडबड आहे. परवा कढईपाशी बसलो होतो, तिथे एकजण म्हणाला, "फेमस सोलापुराला पळून गेला जणू." दुसरा म्हणाला, "वस्तादाचं नाव खाल्लं त्यानं. पचतंय व्हय?" सगळे हसले. चाँद, मीही हसलो. कढईच्या वाफेत कुणाला माझं तोंड दिसलं नसेल, पण हसलो एवढं खरं.

उरुसाच्या सकाळी तू हँडबिल हातात धरून विहिरीवर मला एक विचारलं होतंस. ते मी विसरलेलो नाही. त्याबद्दल इथे लिहीत नाही.

वसमतच्या स्टेशनात मी तुला म्हटलं होतं, थांब, मी वस्तादांना सगळं सांगतो. तू म्हणालास, "नगं. तुला इथंच ऱ्हायचं हाय. मी तर चाललोच." गाडी हलली तेव्हा मला बरं वाटलं होतं. आता तेच वाक्य रोज आठवतं.

ज्ञानबा

कुरुंदा, ता. १४ जुलै १९३८

चाँद,

अमरसिंगभाऊंचं कार्ड मिळालं. त्यांनी लिहिलंय, 'चाँद पाशा पत्र ऐकतो. काही बोलत नाही. दुसरं पत्र पुन्हा एकदा वाचायला लावलं. हात खांद्याच्या वर जात नाही. गिरणीच्या फाटकावर बसून असतो. ज्ञानबाला इथलं काही कळवू नका म्हणाला, तरी कळवतो.' अमरसिंगभाऊ, तुमचे उपकार आहेत.

हात खांद्याच्या वर जात नाही, हे वाचून मी कार्ड उलटं करून ठेवलं. कुस्ती गेली तर गेली, कुस्ती काय कधीतरी जायचीच. पण पिंजाऱ्याचा हात! तुझ्या बापाची ती कापूस पिंजायची कमान आता खुंटीला आहे. मावशीने तिच्यावर फडकं टाकलंय. लोक अजून गाद्या पिंजायला घेऊन येतात, आणि मावशी म्हणते, पोरगं आलं की करून देईल. किती दिवस म्हणणार?

मी संध्याकाळी तिच्याकडे जातो. शेताची थोडी ज्वारी नेऊन टाकतो. ती गुळाचा चहा करते. परवा म्हणाली, "तू येऊन बसतोस म्हून बरं हाय, ज्ञानबा. तुला बघितलं का लेकराची याद जरा कमी व्हती." मी कप खाली ठेवला. खाई त्याला खवखवे म्हणतात, ते मला इतक्या उशिरा कळलं.

तेवढ्यात शेजारची सिंधूबाई आली आणि तिने तुझा विषय काढला. "मोठं नाव लावून घ्यायची हौस नडली बघा," म्हणाली. मावशीने माझ्याकडे बघितलं. तू त्याचा दोस्त ना, बोल काहीतरी, असं ते बघणं. मी बशीत चहा ओतत राहिलो.

नागपंचमीला तालमीची माती नवी करतात. त्या दिवशी सगळे असतात. त्या दिवशी सांगतो. हे लिहून दिलंय, म्हणजे आता मागे फिरता येणार नाही. अमरसिंगभाऊ साक्षीला आहेत.

ज्ञानबा

कुरुंदा, नागपंचमीचा दुसरा दिवस

चाँद,

सांगितलं.

सकाळपासून तालमीत पोरं कुस्तीच्या मातीचा हौदा खणत होती. हळद, ताक, तेल मातीत पडलं. वस्तादांनी नारळ फोडला, मातीला हात लावून कपाळाला नेला, आणि मी पुढे झालो. चप्पल बाहेर काढायची विसरलो होतो, तर त्यावरूनच आधी ओरडा खाल्ला. परत जाऊन चप्पल काढून आलो. तेवढ्या वेळात पळून जायचा विचार दोनदा येऊन गेला.

म्हटलं, "वस्ताद, ते हँडबिल चाँदनं न्हाई केलं. म्या केलं. तुमचं नाव बी म्याच काढलं."

पोरांची कुदळ थांबली. वस्तादांनी हाताची माती झटकली. मग म्हणाले, "त्यो शबद काय व्हता रे? फेमस. त्याचा मतलब काय?"

"मशहूर, वस्ताद."

"कुनामुळं मशहूर?"

"त्यात कुणामुळं ते येत न्हाई. नुस्ता मशहूर."

"असं कसं? मानूस काय आभाळातून पडलं का? कुनी माती चारली आसंल, कुनी दूध पाजलं आसंल. त्येचं नाव कुटं ठिवायचं मग?"

मी म्हणालो, "तशी जागाच न्हाई त्या शब्दात."

"मग आसला शबद आमच्या पोराला काहून लावला?" म्हणाले. आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

मी सर्कशीचं वगैरे सांगायला लागलो. हत्तिणीपर्यंत आलो तेव्हा माझं मलाच ऐकवेना. वस्ताद हौद्याच्या काठावर बसले. स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "हात निसटला व्हता त्याचा. मला दिसून राहिलं व्हतं. दोन झटक्याचं काम व्हतं माझं." आणि तोंडावरून उपरणं फिरवलं. पोरांनी माना खाली घातल्या.

शेवटी त्यांनी आणखी एक गोष्ट विचारली. त्यावर मी नुसती मान हलवली. ते इथे लिहीत नाही.

गाव मला फाडून खाईल असं वाटलं होतं. कसलं काय! संध्याकाळपर्यंत दोघातिघांनी पाठीवर हात ठेवला, कबूल केलंस, मोठं मन लागतं म्हणाले. मला ते ऐकताना बरं वाटलं. कबूल करूनही पुन्हा मानच मिळाला आणि मी तो घेतला. असा मी आहे.

मावशीने मात्र काल दार उघडलं नाही. ज्वारीची पिशवी बाहेरच होती, आज सकाळीही तिथेच होती. दुपारी ती उंबऱ्यात आली आणि म्हणाली, "शबदाचं मला काय कळतंय? चूक कुनाच्या हातून व्हत न्हाई? पर माझ्या लेकराला लोकं नाव ठिवत व्हती आन तू माझ्या वट्ट्यावर बसून चहा पीत व्हतास. ज्वारी घेऊन जा तुजी." मी पिशवी उचलली आणि घरी आणली.

वस्तादांचा निरोप लिहितो, त्यांच्या शब्दांत: "चाँद्या, गावाकडं ये. मी बोलिवतो म्हून ये. न्हाई आलास तर मी रेल्वेत बसंन, आन मला रेल्वेचं भ्या वाटतंय हे तुला ठावं हाय."

ज्ञानबा

कुरुंदा, ता. ३० ऑक्टोबर १९३८

चाँद,

तू आपल्याच गल्लीत पाच घरं सोडून असताना तुला पत्र लिहितोय. तू दिवाळीच्या पाठोपाठ आलास, मी लांबून बघितलं. उजवा हात अंगाशी धरून चालतोस. मी समोर यायला हवं होतं. आलो नाही.

तालमीत काय झालं ते मला पोरांकडून कळलं. वस्तादांनी तुला उरी धरलं. मग पोरांच्या देखत विचारलं, "हँडबिल ज्ञानबानं केलं, त्यो म्हनला. पर तुला सांगून केलं म्हन्तोय. माझं नाव न्हाई त्यात, हे ठावं असून तू लांग कसून मैदानात उतरलास. खरं हाय का?" तू खाली बघत राहिलास. त्यांनी परत विचारलं. तू काही बोलला नाहीस. मग ते म्हणाले, "बाहीर वट्ट्यावर बसत जा. आत येऊ नगंस." आणि तू रोज सकाळी तिथे जाऊन बसतोस. आतली पोरं दम घेताना तुझ्याकडे बघतात आणि तू रस्त्याकडे बघतोस. हे मी माझ्या दारातून पाहतो.

नागपंचमीला वस्तादांनी मला शेवटी विचारलं ते हेच होतं. "चाँदला ठावं व्हतं का त्यात काय हाय ते?" आणि मी मान हलवली. होय म्हणून. सगळ्यांच्या समोर अर्धं ओझं उतरवलं आणि उरलेलं तुझ्या डोक्यावर ठेवलं.

आता विहिरीवरची सकाळ. सगळी लिहितो. तू अंघोळ करून, लंगोटावर कसायची नवी लांग झटकत होतास. खिशातून हँडबिल काढून मला म्हणालास, "ज्ञानबा, हे इंग्रजीत काय लिवलंय रे, जाडजूड?" मी सांगायला तोंड उघडलं. मग मला वाटलं, खरं सांगितलं तर हा आत्ताच्या आत्ता हँडबिल फाडील, मैदानात उतरणार नाही, उरुसवाले मला विचारतील, आणि माझा शब्द फुकट जाईल. मी बोट ठेवून तुला वाचून दाखवलं, "गुलाम नबी वस्तादांचा पठ्ठा." तू विचारलंस, "इंग्रजीत वस्तादांचं नाव एवढंसंच व्हतं?" मी म्हटलं, "इंग्रजी अशीच असते, थोडक्यात." तू तो कागद डोळ्यांना लावलास. मग घडी करून लांगेच्या कोपऱ्यात बांधलास आणि म्हणालास, "वस्तादांचं नाव अंगावर आसलं म्हंजे भ्या न्हाई."

तो हैदराबादेकडचा गडी समोर आला तेव्हा तू मागे हटू शकला असतास. हटला नाहीस ते त्या कागदामुळे. हे मला त्याच दिवशी कळलं होतं.

तू मला कधी विचारलं नाहीस, का खोटं वाचलं. सोलापूरला जाताना नाही, पत्रं ऐकून नाही, परवा तालमीत वस्तादांनी दोनदा विचारूनही नाही. माझ्याच्याने आता ते सहन होत नाही, चाँद. तू बोलला असतास तर मी कदाचित भांडलो असतो, काहीतरी कारण काढलं असतं. मला कारणं काढता येतात.

हे पत्र मी तुला वाचून दाखवणार नाही. माझ्या वाचण्यावर तू पुन्हा का विश्वास ठेवावास? उद्या बाजार आहे. पटवारीसाहेब चावडीवर असतात. त्यांच्या हातात दे आणि म्हण, मोठ्याने वाचा. मी वस्तादांना तिथे यायला सांगितलंय, खतीजामावशीलाही निरोप पाठवलाय. मी खाली लिंबाजवळ उभा असेन. मला कुणी ओढून आणायची गरज पडणार नाही.

पटवारीसाहेब, इथपर्यंत वाचलंत, तसंच पुढची ओळही गाळू नका.

वस्ताद, हे पोरगं तुमचंच नाव अंगावर बांधून मातीत उतरलं होतं.

ज्ञानबा